पाळीच्या तारखा, यांचा रिपोर्ट आणि डॉक्टरपुढची पाच मिनिटं

"ताई, माझं वय २६, यांचं ३१. लग्नाले तीन वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. पाळी दर वेळी आठ-दहा दिवस पुढं जाते. तालुक्याच्या एका दवाखान्यात पाच महिने २१ गोळ्यांचं पाकीट दिलं. तेव्हा पाळी बरोबर २८ दिवसांनी आली, पण बाकी काहीच नाही. गोळ्या फेब्रुवारीत संपल्या. मग २१व्या दिवशी रक्त तपासलं, प्रोजेस्टेरॉन कमी आहे म्हणाले. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. आता पिशवी साफ करू म्हणतात. यूट्यूबवर पाहून आम्ही बाराव्या ते सोळाव्या दिवसाचा नियम पाळतो. यांची तपासणी झाली नाही, 'मले काय झालं' म्हणतात. खर्रा सुरूच आहे. पिकाच्या जागलीवर गेले की आठ-आठ दिवस रात्री घरी नसतात. सासूबाई एका महाराजाकडं चल म्हणतात, नणंद म्हणते वंध्यत्वाच्या शिबिरात नाव दे. आशाताई आमच्याच गल्लीतली, तिले सांगायची लाज वाटते. डॉक्टरपुढं गेलं की काय बोलावं सुचत नाही, दोन मिनिटांत बाहेर. कोणाचं ऐकू? माझं वजन ६६ किलो, उंची पाच फूट. आणि एक, संबंध झाल्यावर सगळं बाहेर येते. जाऊ म्हणते पाय वर करून झोपत जा. खरं काय?"

– यवतमाळ जिल्ह्यातली एक वाचक

ताई,

पत्राबरोबर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणि सहा पाळ्यांच्या तारखा पाठवल्यात, हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी पाकीट. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'इथिनिल एस्ट्रॅडिऑल' हे नाव आहे. ज्या २१ गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव असतं, त्या गर्भनिरोधक गोळ्या. रोज एक घेतली की अंडाशयातून बीज सुटणंच थांबतं. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी, म्हणून पाळी २८ दिवसांनी आली. ती गोळीनं आणलेली पाळी होती. पीसीओडीत, म्हणजे संप्रेरकं बिघडून बीज वेळच्या वेळी न सुटण्याच्या आजारात, पाळीला वळण लावायला किंवा चेहऱ्यावरचे मुरूम-लव कमी करायला डॉक्टर या गोळ्या देतात, त्यात गैर काही नाही. पण मूल राहावं म्हणून आलेल्या बाईला 'या गोळ्या सुरू असेपर्यंत दिवस राहणार नाहीत' एवढं तरी सांगायलाच हवं होतं. तेव्हा ते पाच महिने 'उपचार करून फायदा झाला नाही' या खात्यात धरू नका. त्या काळात दिवस राहण्याची शक्यताच जवळजवळ नव्हती.

आता तारखा. ४ मार्च, ११ एप्रिल, २० मे, २५ जून, १ ऑगस्ट, ९ सप्टेंबर. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजलं, तर ३८, ३९, ३६, ३७ आणि ३९ दिवस भरतात. म्हणजे तुमची पाळी भलतीसलती येत नाही, ती लांब अंतरानं पण बऱ्यापैकी ठरावीक येते. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत १४ दिवसांच्या आसपास असतो. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. २८ दिवसांची पाळी असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, आणि व्हिडिओतला बारावा ते सोळावा दिवस तिथूनच आला. तुमचं बीज सुटत असेल तर ते बाविसाव्या ते पंचविसाव्या दिवसाच्या आसपास. बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात. सोळाव्या दिवशी संबंध आले आणि बीज चोविसाव्या दिवशी सुटलं, तर तोवर तिथं कोणीच शिल्लक नाही. तुम्ही नियम मन लावून पाळलात, पण तो दुसऱ्या बाईच्या पाळीचा होता.

यापुढं पंधराव्या दिवसापासून सव्विसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा, इतकंच. रोज हवेत असं नाही आणि 'साठवून' एकाच दिवशी तर मुळीच नाही. जागलीचं मात्र ठरवावं लागेल. रानडुकरं काही तुमच्या तारखा पाहून येत नाहीत, पण शेजारच्या वावरवाल्याशी त्या दहा-बारा रात्रींची अदलाबदल करता येते. मेडिकलमध्ये लघवीवर बीज सुटण्याचा अंदाज देणारी पट्टी मिळते. ती वापरायचीच असेल तर तुम्ही अठराव्या दिवसापासून रोज दुपारी वापरा. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली की पुढच्या दीड दिवसात बीज सुटण्याची शक्यता असते. फिकट रेघ म्हणजे 'नाही'. पीसीओडीत ही पट्टी कधी कधी खोटं 'हो' दाखवते, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

एकविसाव्या दिवसाच्या रक्ताचंही तेच झालं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बीज सुटल्यानंतर वाढतं आणि पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी सगळ्यांत जास्त असतं. २८ दिवसांच्या पाळीत तो दिवस एकविसावा. तुमच्या पाळीत एकोणतिसावा ते बत्तिसावा. एकविसाव्या दिवशी तुमचं बीज सुटायचंच होतं, मग आकडा कमी येणार नाही तर काय? तो रिपोर्ट बाद समजा. पुन्हा करायची वेळ आली तर तिसाव्या दिवशी करा, कागदावर 'पाळीचा ३०वा दिवस' असं लिहून घ्या आणि नंतर पाळी कधी आली ती तारीख त्याच कागदावर टाका. ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला तर बीज सुटलं असं डॉक्टर धरतात. पाळी त्यानंतर आठवडाभरानं आली तरच तो आकडा कामाचा.

पीसीओडीचं म्हणाल, तर नुसत्या सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक पाण्याचे फुगे दिसले म्हणून तो आजार ठरत नाही. पाळी लांबणं किंवा बीज न सुटणं, पुरुषी संप्रेरक वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, खूप मुरूम) आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन हव्यात. तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तपासून ती कारणं नाहीत हे पाहिल्यावर. तुमची पाळी लांब आहे, म्हणून शंका रास्त आहे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन झालेलं पत्रात दिसत नाही, ते आधी करा, सोबत साखरही. एएमएच नावाची, अंडाशयातल्या शिल्लक बीजांचा अंदाज देणारी तपासणी आजकाल पॅकेजात हटकून असते. २६व्या वर्षी, नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही हे ती सांगत नाही. ती आत्ता नको.

वजन ६६ किलो, उंची पाच फूट म्हणजे थोडं जास्त आहे. पीसीओडीत पाच टक्के वजन उतरलं तरी अनेक बायकांचं बीज पुन्हा सुटू लागतं. तुमच्यासाठी ते तीन-साडेतीन किलो. त्यासाठी उपाशी राहू नका. चहातली साखर, दुपारचे फरसाण-बिस्किटं, रात्रीचा भाताचा दुसरा वाढा, इथून सुरुवात करा. वावरात निंदण-वेचणी करता म्हणून व्यायाम होतोच असं बहुतेकींना वाटतं, पण ती कामं बसून-वाकून होतात. रोज अर्धा तास झपझप चालणं वेगळं.

आता यांच्याकडं वळू, कारण खरी गाठ तिथं आहे. मूल न राहण्याची कारणं पाहिली तर जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचा काही तरी वाटा असतो. तुमच्या पोटात औषध गेलं, रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, आता भूल देऊन पिशवी साफ करायची गोष्ट निघाली, आणि यांच्या एका साध्या तपासणीचा पत्ता नाही. सगळ्यांत स्वस्त, न टोचणारी आणि सगळ्यांत आधी करायची तपासणी हीच. आमचं स्पष्ट मत असं की यांचा वीर्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तुमच्या अंगावर पुढचा एकही उपचार होऊ देऊ नका, ना बीज सुटायची गोळी, ना इंजेक्शन, ना पिशवी.

तपासणी नीट व्हायला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. दहा-पंधरा दिवस जागलीवर राहून आल्या आल्या दिलं तर हालचाल कमी दिसते. नमुना लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर तासाच्या आत पोहोचायला हवा, आणि एसटीची वाट पाहत ते जमत नाही. डबी लॅबची, निर्जंतुक. कंडोममधून काढलेलं चालत नाही, साबण, खोबरेल किंवा थुंकी लावलेली चालत नाही, यानं शुक्राणू मरतात. पहिल्या थेंबांतच सगळ्यांत जास्त शुक्राणू असतात. ते डबीबाहेर पडले तर लपवू नये, तसं सांगून पुन्हा दोन ते सात दिवसांनी नमुना द्यावा. लॅब निवडताना एकच विचारा, 'रिपोर्टमध्ये हालचालीचे टक्के आणि आकाराचे टक्के येतात का?' नुसता 'काउंट' देणारी लॅब नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, त्यात पुढं सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून घरोघरी रडारड होते. 'शंभरातले फक्त चारच बरोबर?' हो, आणि तेवढे चालतात. आकडे याखाली आले तरी एका रिपोर्टवर निकाल लागत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून मागच्या तीन महिन्यांत कडक ताप, डेंगू, टायफॉइड झालं असेल तर ते आजच्या रिपोर्टात दिसतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. खर्ऱ्याचंही हेच गणित. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. आज सोडला तर फरक दिसायला तीन महिने द्यावे लागतात, आठवड्यात 'सोडून पाहिला, काही झालं नाही' असं म्हणता येत नाही. फवारणीचंही लक्षात ठेवा. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा हे विष अंगात शिरतं हे काही नव्यानं सांगायला नको. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फवारताना खर्रा तोंडात नाही, घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ. ते कपडे तुम्ही धुता ना? वेगळे धुवा, हातमोजे घालून.

रिपोर्टात शुक्राणू शून्य निघाले तरी तो शेवट नसतो. मार्ग अडलाय की शुक्राणू बनतच नाहीत, हे वृषणांची तपासणी आणि रक्तातली एफएसएच-टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं पाहून कळतं. ते काम मूत्ररोगतज्ज्ञाचं. एकच धोका आधीच सांगतो: ताकदीसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन कोणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यानं शुक्राणू बनणं उलट बंद होतं.

यांना राजी कसं करायचं? 'तुमच्यात दोष आहे का पाहू' असं म्हटलं की पुरुष माणूस उठून बाहेर जातो. त्याऐवजी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांना सांगा, 'साहेब, चिठ्ठीवर दोघांच्या तपासण्या एकत्र लिहा, दोघांचं नाव टाका.' बायकोचं म्हणणं आणि डॉक्टरची चिठ्ठी यांत आपल्याकडं फार फरक पडतो. उपकेंद्रात पुरुष आरोग्यसेवक असतो. आशाताईशी जे बोलता येत नाही ते यांना त्याच्याशी बोलता येईल. आणि त्यांना एक गोष्ट नक्की कळू द्या: संबंध नीट होणं आणि वीर्यात शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली व्यवस्थित असूनही दुसरीत अडचण असते. रिपोर्ट त्यांच्या मर्दानगीवर काही बोलत नाही.

'कोणाचं ऐकू' याचं उत्तर, प्रश्नागणिक वेगळं.

आशाताईकडून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, पाळी चुकली तर गर्भतपासणीचं कीट, आणि ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ही माहिती घ्या. यातलं काही मागायला पूर्ण कहाणी सांगावी लागत नाही. 'आम्ही मुलाचा विचार करतोय' इतकं पुरे. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅमची एक गोळी रोज, दिवस राहायच्या किमान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मणक्याचा दोष टाळायला ती लागते आणि तो मणका पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बनत आलेला असतो. गल्लीतल्या आशाताईशी बोलवतच नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. १०४ हा आरोग्य सल्ल्याचा सरकारी नंबरही आहे, तिथं नाव-गाव ओळखणारं कोणी नसतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि सिकलसेल करून घ्या. सिकलसेल दोघांचीही. विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आहे. दोघंही वाहक असाल तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे दिवस राहण्याआधी माहीत असलेलं केव्हाही बरं.

बाकी उपचारासाठी स्त्रीरोगतज्ज्ञच. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, नागपूरला मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि बायकांचं डागा रुग्णालय. जिथं पोहोचायला सोपं तिथं जा, पण एकच धरून राहा. चार दवाखान्यांत चार वेळा तीच सोनोग्राफी होते आणि उपचार पुढं सरकत नाही. एक बारीक गोष्ट: महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस असतो. त्या दिवशी मुळीच जाऊ नका, तुमच्यासाठी कोणाला सवड मिळणार नाही.

यूट्यूबवर सगळं खोटं नसतं. कोणता व्हिडिओ धरायचा याची परीक्षा सोपी आहे. बोलणारा डॉक्टर आहे का आणि कशातला, शेवटी काही विकतो का, आणि 'सगळ्यांना' एकच आकडा सांगतो का. पाळी किती दिवसांची हे न विचारता दिवस सांगणारा व्हिडिओ सोडून द्या. मोबाइल घरात सगळ्यांच्या हाती जात असेल तर ब्राउझरमध्ये गुप्त खिडकी उघडून शोधा, तिथलं शोधलेलं मागं राहत नाही. 'मुलगाच होईल' अशी पुडी किंवा गोळी देणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. मूल मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं आणि ते कोणत्याही पुडीनं बदलत नाही. वैदूच्या बिननावाच्या भस्मात शिसं, पारा असू शकतो. ते पोटातल्या बाळालाही बाधतं.

महाराजाबद्दल सासूबाईंशी वाद घालत बसू नका. देवाला जायचं तर त्यांच्यासोबत जरूर जा. पण 'एकटीला आत पाठवा', 'अंगारा अंगाला लावावा लागेल' असं कोणी म्हणालं तर तिथून निघायचं. अलौकिक शक्तीनं मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात थेट लिहिलेला गुन्हा आहे. कायद्यात हे कलम घालावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

शिबिराला जायला हरकत नाही, तपासणी फुकट होत असेल तर करून रिपोर्ट घेऊन या. मात्र त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरायची नाही, कितीही 'आजच सवलत' असली तरी. २०२१ च्या कायद्याप्रमाणे टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र नोंदणीकृत असावंच लागतं. नोंदणी क्रमांक विचारा. 'यशाचं प्रमाण' सांगितलं तर विचारा, 'सुरू केलेल्या किती जणींच्या हातात बाळ आलं, माझ्या वयाच्या?' गर्भतपासणी पॉझिटिव्ह येणं आणि बाळ घरी येणं यांत मोठी गळती असते. तुमच्या वयाला, यांचा रिपोर्ट नसताना आणि बीज सुटतंय का हेच माहीत नसताना, टेस्ट ट्यूबचा विचार करण्याचं काही कारण नाही. वावर गहाण टाकायचं तर नाहीच नाही.

पिशवी साफ करण्याबद्दल. पिशवी साफ केल्यानं दिवस राहत नाहीत. पूर्वी सर्रास करत, अजूनही काही ठिकाणी करतात. आतलं अस्तर जास्त खरवडलं गेलं तर पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि मग पाळी कमी होते, गर्भ रुजायला जागा राहत नाही. कधी तिला खरं कारण असतं, जसं खूप अंगावरून जाणं किंवा पिशवीच्या टीबीची शंका. म्हणून नकार देण्याआधी विचारा, 'यातून नेमकं काय शोधायचं आहे आणि नमुना कुठं तपासायला जाणार?' उत्तर 'साफ केलं की बरं असतं' असं आलं तर थांबा. टीबीचीच शंका असेल तर बारीक नळीनं अस्तराचा तुकडा बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो. नुसती पीसीआर (टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू होत असतील, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आता त्या दोन मिनिटांचं. ओपीडीत शंभर जणी रांगेत असतात, डॉक्टर वर मान करायच्या आत तुमचं पहिलं वाक्य निघायला हवं. ते घरी पाठ करून जा, आपल्याच बोलीत: "डॉक्टरसाहेब, लग्नाले तीन वर्सं झाले, दिवस राहिले नाई. पाळी ३६ ते ३९ दिवसानं येते, ह्या तारखा. पाच महिने ह्या गोळ्या खाल्ल्या, हे पाकीट. यांची तपासणी झाली नाई, दोघांची लिहून द्या." पंधरा सेकंदांत संपतं आणि डॉक्टरला हवं ते सगळं त्यात आहे. तेवढं बोलणंही सुचलं नाही तर कागद पुढं करा.

कागद वहीच्या एका पानाचा, दोन्ही बाजूंनी. तुमच्या बाजूला पाळीच्या तारखा, किती दिवस जाते, दुखतं का, आधी कधी दिवस राहून पडले का, पोटाचं किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन, घरात कोणाला टीबी, स्तनातून दूध येतं का, सध्याची औषधं. मागच्या बाजूला यांचं: मोठेपणी गालफुगी झाली होती का, हर्निया-हायड्रोसीलचं ऑपरेशन, साखर, खर्रा आणि दारू किती, फवारणी, मागचा ताप. खाली एक ओळ, महिन्यातून साधारण किती वेळा संबंध येतात आणि ते पूर्ण होतात का. ही ओळ लिहायला संकोच वाटेल, पण बरीच जोडपी इथंच अडलेली असतात आणि कोणी विचारत नाही म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खातात. लिहिलं की बोलावं लागत नाही.

आत यांना घेऊन जा, सासूबाईंना बाहेर पिशवी सांभाळायला बसवा. त्या आत आल्याच तर नर्सबाईंना हळूच म्हणा, 'मला दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे.' त्यांना हे नवीन नसतं. आतून तपासणी किंवा आतून सोनोग्राफी होणार असेल तर बाईमाणूस सोबत असावी असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. आतल्या सोनोग्राफीला लघवी करून जायचं, पोटावरच्या सोनोग्राफीला लघवी भरलेली ठेवायची. हे उलटं झालं की दिवस फुकट जातो.

गोळी लिहून दिली की उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा. ही कशासाठी? पाळीच्या कोणत्या दिवसापासून, किती दिवस? आणि हिनं काम केलं की नाही हे कसं पाहणार? बीज सुटण्यासाठी पीसीओडीत साधारण लेट्रोझोल देतात, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. ती सुरू असताना सोनोग्राफीनं बीज वाढतंय का ते पाहायला हवं. न पाहता सहा-सहा महिने चिठ्ठी पुढं ओढणं म्हणजे अंधारात फवारा मारणं. ती मेडिकलमधून स्वतः आणून तर मुळीच खाऊ नका, आधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री लागते.

गर्भनळ्या उघड्या आहेत का पाहायचा एक्स-रे यांचा रिपोर्ट आल्यावर. रक्तस्राव थांबल्यावर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात आणि त्या पाळीपासून तोवर संबंध नकोत. पाळीसारख्या कळा येतात, तासभर आधी वेदनाशामक घ्यायची का ते विचारून ठेवा. नळी आकसल्यामुळं 'बंद' दिसू शकते, म्हणून एका एक्स-रेवर 'दोन्ही नळ्या बंद' असा निकाल लगेच मानू नका. नंतर ताप किंवा घाण वासाचं पाणी गेलं तर त्याच दिवशी परत जा.

सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेच्या क्रमानं. मूळ प्रत कोणत्याच दवाखान्यात ठेवू नका, झेरॉक्स द्या.

पाळी चाळिसाव्या दिवशीही आली नाही तर सकाळच्या लघवीवर कीट वापरा. रेघ आली आणि नंतर एका बाजूला पोटात जोराचं दुखलं, चक्कर आली, अंगावरून गेलं, तर गर्भ नळीत असू शकतो. घरी थांबायचं नाही, १०८ लावायचा.

आणि जाऊबाईंचा सल्ला. पाय वर करून झोपायची गरज नाही. बाहेर येतं ते वीर्याचं पाणी, आणि ते सगळ्याच बायकांचं येतं. शुक्राणू काही मिनिटांतच पिशवीच्या तोंडाशी पोहोचून वर निघालेले असतात. लगेच उठून लघवीला गेलात तरी चालतं. फक्त आतून पाण्यानं किंवा साबणानं धुऊ नका.